रुपया वर हाय

नगराळे मॅडमच्या हातात लोणच्याची बरणी दिली तरी उघडण्याआधी त्या ती टेबलावर दोनदा हलकेच आपटत. कोणाकडे चहाला गेल्या आणि समोर साखरेचा डबा आला, की टक टक. खोकल्याचं औषध, शाईची दौत, बडीशेपेची डबी, कशाचीही सुटका नव्हती. स्टाफरूममधले लोक आधी दचकायचे, मग हसायचे, आणि वर्षभरात निम्मे जण स्वतःच आपटायला लागले. कारण विचारलं तर मॅडम म्हणायच्या, "थांबा जी. आधी खाली बसू द्या."

कारण साधं होतं. त्यांच्या कामात काही वस्तू इतक्या चिमुकल्या बाटल्यांत आणि इतक्या थोड्या येतात, की प्रवासात झाकणाला चिकटल्या तर झाकण उघडताना सगळा माल हवेत जातो. म्हणून आधी आपटायचं, माल तळाशी बसू द्यायचा, मग उघडायचं. ही सवय त्यांनी लोणच्याला लावली, आणि मला वाटतं माणसांनाही. कोणी तावातावानं काही सांगायला आलं की त्या टेबलावर बोटानं टक टक करायच्या. एकदा प्राचार्यांसमोरही केलं होतं. प्राचार्य खाली बसले.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवत आणि मी पदार्थविज्ञान. आमच्या प्रयोगशाळांच्या मध्ये प्लायवूडची एक भिंत होती, आणि त्यांचा डीप फ्रीझर भिंतीच्या माझ्या बाजूला होता, कारण एवढा भार सोसणारा प्लग तेवढा एकच होता. त्यामुळे रोज सकाळी त्या माझ्या खोलीत यायच्या त्या मला भेटायला नव्हे. त्यांचे वडील राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. कोळशाच्या गावची पोरगी जन्मभर बर्फ राखत बसली, असं आमचे इतिहासाचे सर म्हणायचे, आणि मॅडम त्यावर हसायच्याही. पीएच.डी. पुण्याला केली, पण बोली तसूभर हलली नाही. वर्गात, प्राचार्यांपुढं, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपुढं, सगळीकडे तीच. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणी म्हणालं, यंदा पोरं अभ्यासच करत नाहीत, तर मॅडम विचारायच्या, "मापलं का?" कोणी म्हणालं, वणीपेक्षा आपल्याकडे ऊन जास्त, तर "मापलं का?" एकदा मी म्हणालो, आज तुम्ही जरा थकल्यासारख्या दिसता. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मीच म्हणालो, नाही, मापलं नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात सारखं यायचं आणि कशासाठी यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबई-दिल्लीहून गाड्या भरून माणसं यायची, किती मेले ते विचारायची, रेस्ट हाउसवर जेवायची आणि जायची. मॅडमना त्याचा राग होता. "सारे मेलेले मोजून राह्यले," त्या म्हणायच्या. "जे जित्ते हायत, त्याइच्या अंगात काय चाललं, ते कोणी पाहून राह्यलं का?"

जित्ते म्हणजे फवारणीवर जाणारे मजूर. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, पायात काही नाही. कपाशीवर अळी आली की यांचा हंगाम. दिवसभर फवारून आले की डोळे लाल, मळमळ, अंगात कणकण, आणि ती कणकण आठवडेच्या आठवडे राहायची. दवाखान्यात सांगायचे, ऊन लागलं. मॅडमचा प्रश्न एवढाच होता की ऊन लागलं की दुसरं काही.

हे त्यांनी मला समजावून सांगितलं, तेव्हाची गोष्ट मी अजून वर्गात सांगतो. त्या म्हणाल्या, गावात घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसलेला असतो ना? येणारा-जाणारा कोण, आपला का परका, हे ओळखून आत हाक मारणारा? तसं आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. परका आला की ते ओळखतं आणि आत वर्दी देतं. आता घरावर सारखंच संकट यायला लागलं, तर हे म्हातारे ओट्यावरून सुटतात आणि रक्तात मोकळे हिंडायला लागतात. मजुरांच्या रक्तात असे सुटलेले म्हातारे फवारणीनंतर वाढतात का, ते मोजायचं. पण मोजायचं तर माप पाहिजे. किलोचं वजन हातात असल्याशिवाय तराजूचा काय उपयोग? म्हणून तेच प्रथिन, माणसाचंच, पण कारखान्यात तयार केलेलं आणि किती आहे ते पक्कं ठाऊक असलेलं, विकत आणायचं आणि त्याच्याशी रक्त ताडून पाहायचं.

ते परदेशातून आलं. मंजुरीला इतका वेळ गेला होता की कॉलेजातल्या प्रत्येकाला ते आपलंच आहे असं वाटायला लागलं होतं. टीव्ही मावेल एवढं थर्माकोलचं खोकं आलं. प्राचार्यांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. मॅडमनी खोकं उघडलं, त्यातून पिशवी, पिशवीतून डबी, डबीतून करंगळीच्या पेराएवढी नळी काढली, टक टक केलं आणि उजेडात धरली. नळी रिकामी होती.

प्राचार्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. "यात काहीच नाही," ते म्हणाले. "कंपनीला आजच तक्रार टाका."

"हाय सर," मॅडम म्हणाल्या. "वाळवून पाठवते. दिसत नाही एवढंच."

"देवाबद्दलही असंच म्हणतात, मॅडम."

"देवाले उणे वीसमंधी ठेवा लागत नाही, सर."

प्राचार्य विनोदी माणूस नव्हते, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही सगळ्यांनी त्या रिकाम्या दिसणाऱ्या नळीसाठी टाळ्या वाजवल्या.

आता उणे वीसची गोष्ट. लोडशेडिंग असं होतं की वीज असण्याचीच बातमी व्हावी. कॉलेजचा जनरेटर प्राचार्यांच्या केबिनपुरता. फ्रीझर झाकण न उघडता काही तास तग धरतो, पण आपण घरी असताना वीज किती वेळ गेली हे सकाळी कळणार कसं? सकाळी सगळं पुन्हा गोठलेलंच असतं. त्यासाठी मॅडमनी फ्रीझरमध्ये पाण्याची एक स्टीलची वाटी गोठवली आणि बर्फावर एक रुपया ठेवला. बर्फ वितळला तर रुपया बुडणार, आणि पुन्हा गोठला तरी तळाशीच राहणार. रुपया वर असेल तर माल शाबूत. रोज सकाळी त्या माझ्या खोलीत येऊन झाकण उघडायच्या, आत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "रुपया वर हाय." हाच आमचा नमस्कार. मग मीही नमस्कार म्हणायचो.

रक्त द्यायला मारेगावच्या बाजूचा एक बंजारा तांडा तयार झाला. तयार झाला म्हणजे शेवंताबाई राठोड तयार झाली, आणि मग तांडा तयार झाला. म्हातारी किडकिडीत, हातभर बांगड्या, आवाज पंचायतीचा. तिचा मुलगा सुधाकर दरवर्षी फवारणीवर जायचा आणि दरवर्षी दिवाळीपर्यंत तापानं कण्हायचा. त्या रविवारी मीही गेलो होतो, थर्मास धरायला. मॅडमजवळचा थर्मास चहाचा कधीच नसायचा, त्यात रक्ताच्या नळ्यांसाठी बर्फ असायचा, हे सांगायचं राहिलं.

शेवंताबाईनं आधी आम्हाला बाजेवर बसवलं आणि मग झाडलं. "रगत नेणारे लय पाह्यले आमी," ती म्हणाली. "मागं एक गाडी आली, सुया टोचल्या, बिस्किटं देल्ली, गेली. काय निघालं ते सांगाले कोणी आलं नाही. कुत्र्यालेबी माणूस सांगते, का रे बाबा, भाकर नाही आज."

मॅडमनी बाजेच्या खुरावर टक टक केलं. "मी येईन, याडी," त्या म्हणाल्या. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. हा शब्द मॅडमनी कुठून उचलला माहीत नाही. "जे निघंल ते सांगाले मी सोता येईन. काही नाही निघालं, तं तेबी सांगाले येईन."

मग तिनं विचारलं, ते माप कुठं बनते? आणि मॅडम खोटं बोलू शकत नसल्यानं त्यांनी खरं सांगितलं. माणसाचं हे प्रथिन बनवायला कंपनी अळीच्या पेशी वापरते. अमेरिकेतली एक लष्करी अळी, आपल्या कपाशीवर पडते तिची चुलत बहीण. तिच्या पेशी बरणीत वाढवतात, त्यांना माणसाच्या प्रथिनाची कृती शिकवतात, आणि त्या ते गपगुमान बनवून देतात.

 सुधाकर पंपाकडे पाहत होता.

"म्हंजे अळीच्या पोटी माणूस?" शेवंताबाई म्हणाली.

"माणूस नाही. माणसाचा एक कान समज."

म्हातारीनं विचार केला. "तुमी तिले इमानातून आणता, बर्फात ठेवता. अन् आमी तिले मारता मारता मरून राह्यलो." मग तिनं बांगड्या वर सारल्या आणि हात पुढं केला. "घे."

मॅडमनी रक्त घेतलं. परतताना बसमध्ये मारेगावपासून करंजीपर्यंत त्या खिडकीबाहेरच्या पऱ्हाटीकडे, कपाशीच्या उभ्या पिकाकडे, बघत होत्या, आणि एकदाच म्हणाल्या, "म्हातारी बरोबर बोलली. पण हे मापता येत नाही."

दसरा आला. मॅडम बौद्ध घरातल्या. दरवर्षी आईला घेऊन त्या नागपूरला दीक्षाभूमीवर जात, आणि त्या दिवसांत त्यांना कोणी कामाचं विचारलेलं चालत नसे. जाण्याआधी त्यांनी नळीतलं प्रथिन पाण्यात विरघळवलं, बारीक बारीक नळ्यांत वाटलं आणि मजुरांच्या रक्ताशेजारी फ्रीझरमध्ये ठेवलं. आल्या आल्या मोजणी सुरू करायची. एकदा विरघळलं की ते नाजूक होतं. गोठवलं की गोठलेलंच राहिलं पाहिजे, मध्ये वितळलं तर मेलं. रुपया पाहून त्या गेल्या. कॉलेजला सुट्टी लागली, मी सासरी पुसदला गेलो.

आमच्याकडे एक गुल्हाने काका होते, प्रयोगशाळेचे परिचर. फार सालस माणूस. खंडेनवमीला सगळ्या उपकरणांची पूजा तेच करत. तराजू, सूक्ष्मदर्शक, माझा जुना व्होल्टमीटर, सगळ्यांना पुसून हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि त्या दिवशी कोणत्याही यंत्राला हात लावायचा नाही, त्याला आराम. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवतो का आपण? तसंच. मॅडमची त्याला कधी हरकत नसे. काचेले कुंकू लावू नोका, बाकी कुठंबी लावा, एवढंच त्या सांगत.

त्या नागपूरहून आल्या, माझ्या खोलीत आल्या. फ्रीझर चकचकीत पुसलेला, झाकणावर हळद-कुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ, आणि आत नेहमीसारखी घुरघुर. मॅडमनी झाकण उघडलं. त्या दिवशी आमचा नमस्कार झाला नाही. वाटी बाहेर काढली, उलटी करून बर्फाची चकती हातावर घेतली. रुपया तळाशी बसला होता, अगदी स्वच्छ दिसत होता.

गुल्हाने काकांना विचारलं, तर ते हरखून आले. "याले दोन दिवस आराम देल्ला, मॅडम," ते म्हणाले. "बाकी मशीनीइले एक दिवस. हे बिचारं बारमास घुरघुर करते, रात नाही, दिवस नाही. याले म्या नवमीले बंद केलं अन् दसरा झाल्यावर सकायी सुरू केलं. आतून धुवूनबी घेतलं, तुमच्या साऱ्या शिश्या जशाच्या तशा ठेवल्या."

माणूस इतक्या आनंदानं सांगत होता की मला खाली बघावं लागलं.  मॅडम म्हणाल्या, "पूजा चांगली केली, काका." काका गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. पदराला हातही लावला नाही, डोळ्यांतून पाणी वाहू दिलं, आणि बर्फाची चकती हातात वितळत होती. मला फार वाईट वाटलं. मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि मुद्दाम उशिरा आलो.

प्राचार्यांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. "सगळं पुन्हा गोठलंय ना?" ते म्हणाले. "मग करून टाका प्रयोग. आकडे येतीलच काही तरी. आत काय झालंय ते कोणाला दिसतंय?"

"तेच तं, सर," मॅडम म्हणाल्या. "दिसत नाही म्हणून तं रुपया ठेवला."

दुसरी नळी मागवायची तर पुन्हा पहिल्यापासून मंजुरी. अर्ज गेला. आणि पुढच्या रविवारी मॅडम थर्मास न घेता निघाल्या. मी विचारलं, कुठं? "तांड्यावर. सांगाले." मीही गेलो. कशाला गेलो ते सांगता येणार नाही. त्यांना एकट्यानं ते सांगावं लागू नये असं वाटलं असेल.

शेवंताबाईनं बाजेवर बसवलं. आजूबाजूचे दहा-पंधरा जण जमले, ज्यांनी रक्त दिलं होतं ते सगळे. मॅडम उभ्याच राहिल्या. "काही निघालं नाही," त्या म्हणाल्या. "म्हंजे मी मापूच शकली नाही. माप खराब झालं, अन् तुमचं रगतबी खराब झालं."

"कोणामुळं?" सुधाकरनं विचारलं.

मॅडमनी गुल्हाने काकांचं नाव घेतलं नाही. "आमच्या कॉलेजात दसरा झाला," त्या म्हणाल्या. "मशीनीले आराम देल्ला."

मला वाटलं आता लोक भडकतील. पण तांड्यावरच्या माणसांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. यात न समजण्यासारखं त्यांना काहीच दिसलं नाही. मशीन आहे, राबते, दसऱ्याला आराम द्यायला नको? शेवंताबाईनं कुडाच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं खुंटीला फवारणीचा पंप टांगलेला होता. त्यालाही हळद-कुंकवाची बोटं, आणि गळ्यात सुकलेल्या झेंडूची माळ.

"आमीबी देल्ला," ती म्हणाली. "उद्यापासून पुन्हा जाते हा. वावरात अळी वाढली म्हणते मालक."

मग ती मॅडमच्या जवळ आली. "तुले काय वाटते? जाऊ देऊ का याले?"

आता मी जे पाहिलं ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मॅडमचं बोट टक टक करायला काही तरी शोधत होतं आणि हवेतच राहिलं. जन्मभर ज्या बाईनं मापल्याशिवाय एक शब्द उच्चारला नाही, तिच्याकडे सांगण्यासारखा एकही आकडा नव्हता.  सगळा तांडा वाट पाहत होता.

"मी मापलं नाही, याडी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण माहा भाऊ असता, तं मी त्याले जाऊ देल्लं नसतं."

 "मंग हे तं तुले पह्यलेच ठाऊक व्हतं," शेवंताबाई म्हणाली. "रगत कायले नेलं?"

 म्हातारीनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती सुधाकरकडे वळली. "पंपाले हात लावू नोको. त्याची सुट्टी सरली नाही अजून."

"दसरा होऊन किती दिस झाले, याडी. मालक काय म्हणंल?"

"मालकाले सांग, पूजेतला हाय."

बसमध्ये मॅडम म्हणाल्या, वाईट झालं, मी न मापता बोलली. मी म्हणालो, बरं केलं. त्या म्हणाल्या, बरं-वाईट मग ठरंल, मालक काय, उद्या दुसरा माणूस लावंल. तेही खरंच होतं. लावलाच असणार. मी मापलं नाही.

दुसरी नळी आली नाही. मंजुरीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि दोन वर्षांनी मॅडमची बदली आमच्याच संस्थेच्या ढाणकीच्या कॉलेजात झाली. जाताना त्यांनी वाटी आणि रुपया माझ्याकडे ठेवला. फ्रीझरमध्ये आता इतिहासाच्या सरांची कुल्फी असते, पण रुपया मी रोज पाहतो.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी वणीला परीक्षेच्या कामाला निघालो होतो. बस मारेगावला थांबली, दसरा नुकताच झालेला, स्टँडवर झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल. मॅडम उभ्या होत्या, केस पांढरे झालेले, काखेत पिशवी, थर्मास नाही. मी खिडकीतून हाक मारली आणि विचारलं, "आली का नळी?"

"नाही जी," त्या म्हणाल्या. "तेच सांगाले चालली."

"कोणाला?"

"तांड्यावर. दरसाली येतो. औंदाबी काही निघालं नाही, हे सांगाले." जणू उशीर होईल म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं. "कबूल केलतं ना."

कंडक्टरनं घंटी मारली.  "आणि पंप?" मी विचारलं.

"वरच हाय," मॅडम म्हणाल्या, आणि खिडकीच्या पत्र्यावर बोटानं दोनदा वाजवून मागं सरल्या. मग बस निघाली.